मगदूम अक्का आणि घरातला अँटेना

कळंब्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो त्याच दिवशी शेजारच्या दारावर पेढे द्यायला गेलो. दार उघडलं ते एका उंच, काटक बाईंनी. साठीच्या पुढच्या असाव्यात. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पेढ्यांचा बॉक्स तळहातावर घेतला, हात जरासा वरखाली केला आणि म्हणाल्या, "अर्धा किलो म्हणून घेतलास न्हवं? पुठ्ठ्यासकट तोललाय. दोन पेढं कमी हाईत."

मी ओशाळलो. "असू दे की, दोन पेढ्यांनी काय होतंय?"

"दुकान कुठलं?"

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात त्याच बाई, हातात कागदाची पुडी, पुडीत दोन पेढे. "घे. तुझंच हाईत," म्हणाल्या आणि दार ओढून घेऊन गेल्या. त्या दोन पेढ्यांसाठी त्या उन्हातून राजारामपुरीपर्यंत जाऊन आल्या होत्या.

या मगदूम अक्का. सुशीला मगदूम. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून सगळी नोकरी केलेल्या. त्या काळी या कामावर जिल्ह्यात बाईमाणूस त्या एकट्याच. गगनबावड्याच्या पावसात आणि पन्हाळ्याच्या बाजारात पितळी वजनांची पेटी घेऊन फिरल्या, दुकानदारांच्या शिव्या खाल्ल्या, चहा कुणाचाच घेतला नाही. पाण्याची बाटली घरची. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी भाजीवाल्यापुढे उभ्या राहिल्या की भाजीआधी काटा बघायच्या. पारडं रिकामं असताना काटा शून्यावर आहे का, एवढंच. नसला तर भाजीवाल्याला शांतपणे म्हणायच्या, "आधी ह्याला जाग्यावर आण, मग वांगी घाल." आमच्या बायकोला, सुनीताला, त्यांच्याबरोबर मंडईत जायची भीती वाटायची आणि त्यांच्याशिवाय गेलं की फसल्यासारखं वाटायचं.

अक्का म्हणायची ती त्यांची धाकटी बहीण, विमल. तिचं ऐकून सगळी बिल्डिंगच अक्का म्हणायला लागली. लग्न दोघींनीही केलं नव्हतं. विमलताई शाळेत शिकवायच्या; पुढं कमरेखालची ताकद गेली आणि त्या कायमच्या पलंगावर आल्या. पलंगासमोर टीव्ही. सकाळी डोळे उघडले की सुरू, ते रात्री डोळे मिटेपर्यंत. अक्कांना त्याचा मनस्वी कंटाळा. आम्हाला भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं,

"विमल, बंद कर गं ते. डोस्कं उठलं."

"तू आत जा की, अक्का."

"आत बी ऐकू येतंय."

"मग कानात बोळं घाल."

चार वर्षं हेच भांडण. मग एका श्रावणात विमलताई गेल्या आणि भांडायला कुणी उरलं नाही.

नात्यातलं माणूस दिवसकार्याला फारसं आलं नाही. कारण मला नंतर कळलं. शिरोळकडच्या त्यांच्या गावात थोरल्या भावाचं, अण्णांचं, किराणा दुकान होतं. नोकरीत असताना तपासणीला अक्का तिथंही गेल्या. अण्णांच्या दुकानातलं एक वजन कमी भरलं. बरोबरचा शिपाई म्हणाला, मॅडम, घरचंच हाय, पुढच्या वेळी बघू. अक्कांनी वजन जप्त केलं आणि सख्ख्या भावावर केस केली. गावात तोंड काळं झालं म्हणून अण्णांनी बोलणं तोडलं, ते मरेपर्यंत. मी एकदा धीर करून विचारलं, "अक्का, त्या वेळी जरा डोळेझाक केली असती तर?"

"काट्याला भाऊ-बहीण असतंय व्हय?" एवढंच म्हणाल्या. मग बराच वेळ हातातल्या बाटलीचं झाकण पिळत बसल्या. ते आधीच घट्ट होतं.

विमलताईंना जाऊन पंधरा दिवस झाले तेव्हा अक्कांनी केबल तोडायला लावली. तीनशे चॅनेल तिला लागायचे, मला काय करायचेत, म्हणाल्या. पण महिन्याभरात एके सकाळी माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"परकाश, घरात ठेवायचा अँटेना घ्यायचा म्हणतो मी. लहानसा. टीव्हीच्या मागं लावायचा."

"केबल परत घ्या की."

"नको. ते एक सरकारी चॅनेल दिसलं तरी बास. बातम्या, शेतीचं, गाणं. एक बास."

"मग डिशची छत्री बसवू या गच्चीवर."

"बसवू देत न्हाईत." ते खरं होतं. गच्ची गळायला लागल्यापासून सोसायटीनं नव्या छत्र्या बंद केल्या होत्या. "पाचशेच्या आत बसला पायजे. आन पेटीवर लिवल्यावर विश्वास न्हाई माझा. तपासूनच घेणार."

तपासणी सुरू झाली. मंगळवारी लक्ष्मीपुरी, गुरुवारी शाहूपुरी, शनिवारी राजारामपुरी. सकाळी दहाला जेवून, बाटली पिशवीत टाकून निघायच्या आणि चारच्या आत परत. जैनांच्या रिवाजानं त्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत असायचं. साडेपाचला भाकरी थापायची, सहाला ताट धुऊन पालथं. त्यात कधी खंड नाही. येता-जाता मी सापडलो की जिन्यातच अहवाल.

"ऐक. आज एकजण म्हणतोय, ह्यो अँटेना दोनशे मैलांवरचं धरतोय. मी म्हटलं, दोनशे मैल म्हंजे सव्वातीनशे किलोमीटर. म्हंजे पुण्याच्या पल्याडचं धरणार? आन मधल्या डोंगरांनी काय करायचं, बाजूला सरायचं?"

"मग काय म्हणाला?"

"म्हणतोय, मॅडम, पेटीवर लिवलंय." अक्का खूश होत्या. "मी म्हटलं, पेटी धरतीय का अँटेना?"

एकदा त्या मला शाहूपुरीत भेटल्या. आमचा छापखाना तिकडेच. मी जेवायच्या सुट्टीत बाहेर पडलो तर समोरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात त्यांचा आवाज. काउंटरवर पाच-सहा प्रकार मांडलेले. कागदासारखा पातळ, खिडकीला चिकटवायचा एक, बूस्टरवाला एक, दोन दांड्यांचा एक. दुकानदार घामाघूम झाला होता.

"बूस्टर घ्या मॅडम, सिग्नल वाढवतोय."

"सिग्नल असला तर वाढवंल. नसला तर काय वाढवंल? आन टॉवर कुठल्या दिशेला, किती लांब, हे तुम्हास्नी ठावं हाय?"

"ते... तसं कुणी विचारत न्हाई मॅडम."

"मग विकता कशाच्या जोरावर?"

मागं एक पोक्त गिऱ्हाईक उभं होतं. त्यानं बूस्टरवाली पेटी हातात घेतलेली. अक्का त्याच्याकडं वळल्या. "पावणं, ठेवा ते खाली. टीव्ही कुठला हाय तुमचा? आत डिजिटल पकडायची सोय हाय का बघितली? न्हाई न्हवं? मग आधी घरी जावा, टीव्हीबरोबर आलेलं पुस्तक वाचा. आन तुमच्याकडं सिग्नल येतोय का ते इचारून घ्या. येत असला तरच ह्यो घ्या, दोन दांड्या आन एक कडं. सगळ्यात स्वस्त. खिडकीजवळ, उंचावर ठेवायचा, लोखंडी जाळीपासनं लांब. ह्याच्यापेक्षा जास्त काय लागत न्हाई."

गिऱ्हाईक पेटी ठेवून निघून गेलं. दुकानदारानं कपाळाला हात लावला. मी हसत हसत त्यांना हाक मारली. त्या वळल्या तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला. विमलताई गेल्यानंतर तसा मी पहिल्यांदाच बघत होतो. गालांवर लाली होती.

"मग आज घेतलाच समजायचा का?" मी विचारलं.

"छे! अजून दोन दुकानं राहिल्यात."

ती दोन दुकानं काही संपेनात. गणपती गेले, दिवाळी गेली, जत्रांचे दिवस आले. टीव्हीवर सुनीतानं विणलेलं कापड तसंच झाकलेलं. सहा वाजता अक्कांचं ताट पालथं पडायचं आणि मग भिंतीपलीकडून काही म्हणता काही ऐकू यायचं नाही. कधी खुर्ची सरकल्याचा आवाज. थोड्या वेळानं तीच खुर्ची परत जागेवर. सुनीता म्हणायची, "माझ्याच्यानं ऐकवत न्हाई. त्यांना काहीतरी घेऊन द्या की हो. पाचशे रुपड्यांसाठी सहा महिनं झालं फिरायल्यात."

मलाही जिन्यातल्या अहवालांचा कंटाळा आला होता, हे कबूल केलं पाहिजे. कामावरून दमून यावं आणि पायरीवर बूस्टरचं पुराण ऐकावं. एका दुपारी छापखान्यात बसल्या बसल्या मोबाईलवर शोधलं, चांगला दिसणारा एक अँटेना मागवून टाकला. फोटो बघितला, खालचे तारे बघितले, बाकी काही बघितलं नाही. चार दिवसांत घरपोच आला. रविवारी सकाळी पेटी घेऊन मी अक्कांच्या दारात.

"हे घ्या. संपली तुमची पायपीट."

अक्कांनी पेटी हातात घेतली. तळहातावर वरखाली केली नाही. नुसती धरून उभ्या राहिल्या.

"कशाला आणलास रे?"

"असू दे की. लेकरानं आणला समजा."

"ये. बस," म्हणाल्या. मी टीव्हीवरचं कापड काढलं, वायर जोडली, शोध सुरू केला. पडद्यावर आकडे सरकत सरकत शंभरापर्यंत गेले आणि खाली उमटलं, सापडलेले चॅनेल शून्य. मी अँटेना खिडकीत नेला. शून्य. स्वयंपाकघराच्या फळीवर. शून्य. विमलताईंच्या रिकाम्या पलंगावर उभा राहून छताजवळ धरला. तिथंही शून्यच.

"उतर खाली, पडशील," अक्का म्हणाल्या. "असू दे. बरं केलंस आणलास. सुटलं एकदाचं."

चहा केला, खाकऱ्यासारखी कडक केलेली चपाती दिली. मी निघालो तेव्हा त्या पेटीवरचा मजकूर वाचत होत्या, पण कशाला नावं ठेवली नाहीत.

त्यानंतरच्या मंगळवारी त्यांचं दार उघडलं नाही. गुरुवारी नाही, शनिवारीही नाही. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नाही. सुनीतानं तीन आठवड्यांनी विचारलं, "अक्का हल्ली बाहेर पडत न्हाईत, बघितलंत का? भाजी पण माझ्याकडनंच मागवतात. आणलेली भाजी तोलून बघत न्हाईत."

हे शेवटचं ऐकून मी चमकलो. अँटेना चालत नाही म्हणून खट्टू झाल्या असतील, दुसरा बघू, असं मनाशी म्हणत मी लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, डोळ्यांवर चष्मा, समोर उघडून ठेवलेला रेडिओ. कळंब्याला चालेल असा घरातला अँटेना द्या म्हटलं. त्यानं मान वर केली.

"कळंबा? मगदूम मॅडमच्या बिल्डिंगीतलं काय तुम्ही?"

"शेजारीच राहतो."

"बऱ्या हाईत न्हवं? मंगळवार कधी चुकवत न्हाईत. तीन हप्तं झालं, आल्या न्हाईत."

मी झालेलं सांगितलं. तो ऐकत गेला आणि स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिला.

"अवो, त्यास्नी मी पहिल्याच दिवशी सांगितलंय. आपल्या भागात घरातल्या अँटेनाला सापडंल असं डिजिटल काय येतच न्हाई. जुनं होतं ते बंद झालं. मोठ्या शहरांत काय असंल ते असंल. त्यांनी माझ्यासमोर हितनंच फोन लावून टीव्हीच्या केंद्रातल्या माणसाला विचारलं, नाव विचारलं, हुद्दा विचारला. खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, बरं, तरीपण दाखवा कुठले कुठले हाईत."

"म्हणजे त्यांना माहीत होतं?"

"सहा महिनं झालं ठावं हाय." तो हसला. "माझी चार गिऱ्हाइकं घालवली त्यांनी. पण खरं सांगू? आल्या की दुकान भरल्यागत वाटायचं."

तिथून सरळ अक्कांकडं गेलो. दुपारचे तीन वाजले होते. त्या खुर्चीवर बसल्या होत्या, हातात काही नाही, समोर काही नाही. अँटेना टीव्हीवर ठेवलेला, पुसून स्वच्छ.

"अक्का, ह्यात दोष हाय. मी परत पाठवतो. तुम्ही तुमच्या पसंतीनं दुसरा बघा."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. समोरच्याचं वजन किती भरतंय ते त्यांना लगेच कळायचं.

"लक्ष्मीपुरीत गेलतास."

मी मान हलवली.

"मग कशाला खोटं बोलतोस? ह्यात काय दोष न्हाई. हवेत काय न्हाई त्याला त्यो काय करंल?"

"अक्का, तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही सहा महिने..."

"सहा वाजता माझं जेवण होतंय, परकाश." त्या मोठ्यानं बोलत नव्हत्या, आणि मोठ्यानं न बोलणाऱ्या अक्का मला ओळखू येईनात. "त्याच्या पुढची रात कशी काढायची ते मी बघतो. पण दिवसाला तर कारण लागतंय का न्हाई? नोकरी होती तवर पेटी घिऊन कुठं बी जायला येत हुतं. आता दुकानात नुसती जाऊन उभी ऱ्हायलो तर इचारतात, काय पायजे? काय तरी पायजे असावं लागतंय बाबा. त्याबिगर कोण बोलत न्हाई."

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"मग जावा की परत," मी म्हणालो. "आणलाय हे कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की. अँटेना पायजे म्हणून कसं सांगू आता? घरात हाय."

"तर मी हा घेऊन जातो."

"नको. तू मायेनं आणलास." आणि अक्कांनी उठून त्याच्या दोन दांड्या नीट उभ्या केल्या, दोन्ही सारख्या उंचीच्या. "ऱ्हाऊ दे. बरा दिसतोय."

पुढचे काही दिवस मी आणि सुनीतानं जमेल ते केलं. सुनीता सकाळी जाऊन बसायची, मी रविवारी. तिच्या मावशीच्या घरचा तोलकाटा बिघडलाय असं सांगून तिनं अक्कांना एकदा उचगावला नेलं. काटा ठीक निघाला. त्यानंतर अक्का पुन्हा तिच्याबरोबर गेल्या नाहीत. मायेनं केलेली लबाडीही त्यांना चालत नव्हती, आणि आमच्याकडं दुसरं काही नव्हतं.

उन्हाळ्यात अण्णांचा मुलगा आला. बापाचं भांडण बापाबरोबर गेलं, आत्या, आता गावी चला, म्हणाला. चांगला माणूस वाटला. त्यानं सामान स्वतः उचललं. टीव्ही आणि अँटेना अक्कांनी वॉचमनच्या बायकोला दिला. देताना तिला बजावून सांगितलं, ह्याच्यावर काय दिसणार न्हाई, केबल घे. गाडीत बसताना मला म्हणाल्या, "काटा बघून घेत जा भाजी." फ्लॅटला कुलूप लागलं.

चार-पाच महिन्यांनी कुरुंदवाडला एका लग्नपत्रिकेच्या कामासाठी गेलो, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या गावी गेलो. घर मोठं, चिरेबंदी, दारात ट्रॅक्टर. पुतण्याच्या बायकोनं मला आग्रहानं बसवलं, ताक दिलं. पुढच्या सोप्यात भिंतभर मोठा टीव्ही, त्यावर कुठलीशी मालिका, आणि समोर घरातली माणसं. अक्का त्यांच्यातच एका बाजूला खुर्चीवर होत्या. साडी धुतलेली, केस नीट विंचरलेले. त्यांची आबाळ नव्हती. मला बघून उठल्या, पण टीव्हीच्या आवाजात त्यांचं बोलणं मला ऐकू येईना आणि माझं त्यांना. कुणी आवाज कमी केला नाही, त्यांनीही करायला सांगितलं नाही. आम्ही बाहेर आलो.

"जेवणाचं कसं?" मी विचारलं.

"सहाला मला ताट मिळतंय. बाकीची नऊला बसतात. आता कोण पाळतंय, आन त्यास्नी पाळा तरी कशाला म्हणायचं?"

"करमतंय न्हवं, अक्का?"

त्यांनी जरा विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं आणि तक्रार करायची नव्हती, त्या दोन्हींच्या मधलं काहीतरी शोधत असाव्यात.

"घरात नऊ माणसं हाईत," त्या म्हणाल्या.

मला सोडायला त्या रस्त्यावरच्या थांब्यापर्यंत आल्या. चार वाजून गेले होते. ऊस लागलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सुनीताची चौकशी केली, गच्चीची केली, लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराचा चष्मा बदलला का ते विचारलं. मी नाही गेलो पुन्हा, म्हणालो. एकदा जा, म्हणाल्या. तेवढ्यात गाडी आली. मी चढलो, मागच्या खिडकीशी जागा मिळाली.

गाडी हलली तेव्हा अक्का थांब्याच्या पत्र्याखाली उभ्या होत्या. हात वगैरे त्यांनी केला नाही. गाडी जरा पुढं गेल्यावर रस्त्यावर उतरल्या आणि चालायला लागल्या. घर डावीकडं होतं. त्या उजवीकडं, मळ्यांच्या बाजूला वळल्या. त्या रस्त्याला वस्ती नव्हती. त्यांची चाल मात्र एखाद्या कामाला निघालेल्या माणसाची होती, भरभर, सरळ. वळणावर ऊस आडवा आला तोवर मी बघत होतो. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.